रेशनकार्डाच्या मापाची प्रत

दुपारचे अडीच वाजलेत आणि डॉ. वैजयंती भिरूड यांचा डोळा लागतो आहे. ही गोष्ट विभागात कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत या बाईंना टेबलावर डोकं टेकलेलं कोणी पाहिलेलं नाही. परीक्षेच्या दिवसांत त्या उभ्यानेच डबा खातात, असं विद्यार्थी एकमेकांना सांगतात, आणि ते फारसं खोटं नाही. पण आज ऑक्टोबरची दुपार आहे, खिडकीला उन्हाची झळ आहे, पंखा कुरकुरतो आहे, आणि पोटात भरीत-भाकरी आहे. समोर एक कागद आहे. त्यावर त्यांची सही हवी आहे, आणि ती पाचच्या आत हवी आहे.

हा कागद काय आहे ते आधी सांगतो. वैजयंतीबाई विद्यापीठाच्या संशोधन नीती समितीच्या सचिव. माणसांवर करायचं कुठलंही संशोधन, मग रक्त काढायचं असो नाहीतर नुसते प्रश्न विचारायचे असोत, आधी या समितीपुढे येतं. समितीने मान डोलावली तरच पुढचं पाऊल. डॉ. निनाद सरोदे नावाच्या तरुण प्राध्यापकाने केळीच्या बागांत फवारणीच्या दिवसांत राबणाऱ्या बावन्न बायांचं रक्त तपासलं, औषधाचं विष अंगात किती उतरतं ते पाहायला. काम चांगलं, माणूसही चांगला. आता ते काम संपलं, आणि सगळं नियमाप्रमाणे पार पडलं असा दाखला समितीने द्यायचा आहे. परवा, गुरुवारी, बाहेरून तपासणी पथक येणार आहे. ते पहिला हाच कागद मागणार.

दाखला इंग्रजीत आहे. त्यातली चौथी ओळ मराठीत अशी: ‘सर्व सहभागी महिलांना संमतीपत्रकाची एक प्रत देण्यात आली आहे.’

आणि आज सकाळी, पथक यायच्या आधी एकदा नजर टाकावी म्हणून वैजयंतीबाईंनी सरोदेंचं खोकं उघडलं, तर वर बावन्न संमतीपत्रकं होती आणि तळाशी रबर लावलेल्या बावन्न प्रती. कोऱ्या करकरीत. ज्या बायांच्या हातात असायला हव्या होत्या त्या.

सरोदेंना बोलावलं तेव्हा ते आधी गोंधळले आणि मग त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मदतनीस मुलीने त्या प्रती जपून ठेवल्या होत्या. प्रती तयार केल्या होत्या हे पथकाला दाखवायला पुरावा नको का, म्हणून. बायांना दिल्या तर दाखवणार काय? हसू नका. ज्यांनी तपासण्यांची धास्ती घेतलेली नाही त्यांनाच हे हसण्यासारखं वाटेल. बाकी विद्यापीठात दहा वर्षं काढलेल्या कोणालाही ही चूक आपल्या हातून होईल अशीच वाटते.

चूक एवढीच असती तर निभावलं असतं. पण त्या प्रतीवर समितीचा फोन नंबर आहे, आणि त्याखाली लिहिलं आहे की तुमच्या रक्ताचा अहवाल मागितल्यास मिळेल. कागद हातात नाही म्हणून कोणी फोन केला नाही. फोन आला नाही म्हणून अहवाल कोणाला दिला नाही. सरोदे कळवळून म्हणाले होते की मॅडम, कोणी मागितला असता तर त्याच दिवशी नेऊन दिला असता. बावन्न अहवालांपैकी तीन अहवालांवर प्रयोगशाळेने लाल शाईने खूण केली आहे. त्या तिघींनी आता फवारणीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये आणि लगेच डॉक्टरला दाखवावं, असा त्या खुणेचा अर्थ. त्या तिघींना हे माहीत नाही.

आणि केळीची कटाई संपली आहे. उंबरवेलच्या पालांवर राहणाऱ्या या बाया आणि त्यांची बारेला आदिवासी माणसं गुरुवारी पहाटे ठेकेदाराच्या ट्रकने सातपुड्यापलीकडे आपापल्या गावी निघणार आहेत.

सरोदेंनी हात जोडून एकच मागितलं होतं. आज सही करा, प्रती माझ्या कपाटात ठेवतो, पुढच्या हंगामाला बाया आल्या की एकेकीच्या हातात स्वतः देतो, अहवालही समजावून सांगतो. सही नाही झाली तर पथक समितीची नोंदणीच थांबवील, आणि समिती थांबली की चौदा विद्यार्थ्यांचे प्रबंध अडकतील. हेही खोटं नव्हतं. त्या चौदांपैकी पाच वैजयंतीबाईंचेच विद्यार्थी. सकाळपासून त्या मनाची समजूत घालताहेत की पुढचा हंगाम काही फार लांब नाही.

त्या दाखला पुन्हा वाचायला घेतात. चौथ्या ओळीशी येतात आणि अक्षरं मऊ पडतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. कपाळ मनगटावर टेकतं. नजर तिरकी होऊन दाराकडे जाते, आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा एक जोड दिसतो.

जाड तळव्याच्या चपला. उजवीचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला, टाके एकसारखे. या इमारतीत बैठकीला येताना चपला बाहेर काढणारा माणूस एकच होता.

“मास्टर,” वैजयंतीबाई म्हणतात, “आत या ना.”

मास्टर आतच आहेत. टेबलाच्या त्या टोकाला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत, पाठ न टेकता. गळ्यात मापाची टेप, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात निळा खडू, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते आठ महिन्यांपूर्वी वारले. वैजयंतीबाई त्यांच्या अंत्ययात्रेला गेल्या होत्या, तिसऱ्या दिवशी घरीही जाऊन आल्या होत्या. हे सगळं त्यांना स्वप्नातही पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच जरा अवघडल्यासारखं होतं. घर आवरलेलं नसताना पाहुणा यावा तसं.

“पानी मिळंल का ताई?” मास्टर विचारतात. “लई लांबून आलो.”

त्या तांब्या पुढे करतात. मास्टर वरून पितात, एक थेंब सदऱ्यावर सांडत नाही. हेही पूर्वीसारखंच.

सुकदेव शिंपी, म्हणजे सगळ्या गावाचे मास्टर, स्टेशन रोडला चाळीस वर्षं शिवणकाम करायचे. समितीत एक सदस्य साधा माणूस असावा, शास्त्राशी संबंध नसलेला, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी त्या खुर्चीत कोणीतरी निवृत्त मुख्याध्यापक बसवतात आणि चहा पाजतात. वैजयंतीबाईंना हा माणूस सापडला तो पोलकं शिवायला टाकताना. मास्टरांनी माप घेण्याआधी विचारलं की तुम्ही काम काय करता. शिकवते म्हटल्यावर त्यांनी दुकानाच्या फळीवर खडू देऊन लिहायला सांगितलं आणि हात वर असतानाच माप घेतलं. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचं पोलकं सरळ उभं करून मापलं तर काखेत उसवतं, म्हणाले. सगळ्या शहरात असं कोणी केलं नव्हतं. ते पोलकं अजून त्यांच्या कपाटात आहे, आणि अजून उसवलेलं नाही.

समितीत येताच मास्टरांनी स्वतःची एक रीत पाडली. संमतीपत्रक त्यांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचं. मग काय समजलं ते मास्टर आपल्या शब्दांत सांगणार. त्यांनी सांगितलेलं संशोधकाच्या मनातल्यापेक्षा वेगळं निघालं तर चूक मास्टरांची नाही, कागदाची. ज्या ओळीवर गाडी अडली तिच्याखाली ते निळ्या खडूने रेघ मारायचे. पेनने का नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, खडू पुसता येतो. ओळ नीट केली की रेघ मीच पुसतो. मास्टरांच्या रेघेला भल्या भल्या प्राध्यापकांना घाम फुटायचा. एकदा एक मोठे डॉक्टर नव्या औषधाची चाचणी घेऊन आले होते. कागदावर लिहिलं होतं की सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकते. मास्टरांनी रेघ मारली. डॉक्टरांनी चिडून विचारलं, यात न समजण्यासारखं काय आहे? मास्टर शांतपणे म्हणाले, “दवाखाना गावापासून साठ किलोमीटर. संध्याकाळी सातनंतर एसटी नाही. मंग तो मानूस बाहेर पडून जाईल कुठं?” डॉक्टर हसायला लागले, अर्ध्यावर थांबले, आणि पुढच्या बैठकीत कागदावर घरी सोडायच्या गाडीची ओळ घालून आले. मास्टरांनी खिशातून रुमाल काढून रेघ पुसली. सातवी शिकलेल्या माणसापुढे सगळी समिती त्या दिवशी मनातल्या मनात उभी राहिली होती.

“माझ्या खुर्चीत कोन बसवला?” मास्टर विचारतात.

वैजयंतीबाई खाली बघतात. “एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत.”

“चांगला मानूस आहे?”

“चांगले आहेत. त्यांना सगळं समजतं.”

मास्टर मिशीतल्या मिशीत हसतात. “मंग कठीन आहे,” म्हणतात, आणि हात पुढे करतात. “वाचा. काय वाचू राहिले होते ते वाचा.”

त्या दाखला उचलतात. पहिल्या तीन ओळी इंग्रजीत वाचतात आणि मास्टर थांबवतात, आपल्या भाषेत वाचा म्हणतात. त्या मराठीत सुरू करतात. चौथी ओळ त्या इतक्या हळू वाचतात की पंख्याची कुरकुर तिच्याहून मोठी होते.

मास्टर कान टवकारून ऐकतात आणि मग रिवाजाप्रमाणे आपल्या शब्दांत सांगतात. “म्हणजे बावन्न बायाईच्या घरी तो कागद आहे. रेशनकार्डाच्या पाकिटात.”

रेशनकार्डाचं पाकीट. वैजयंतीबाईंना ती बैठक आठवते. ती मास्टरांची शेवटची बैठक होती. छाती भरलेली, दोन वाक्यांत एकदा खोकला. सरोदेंनी प्रत म्हणून मोठा चार पानी कागद पुढे ठेवला होता, आणि मास्टरांनी त्या सगळ्याखालीच रेघ मारली होती. हा कागद बाई ठेवील कुठं? पालात कपाट नाही, फाईल नाही. पण परमुलखात आलेली बाई रेशनकार्ड मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून उशाशी ठेवते, जे जपायचं ते सगळं त्याच पाकिटात जातं. मग दुसऱ्या दिवशी मास्टर धापा टाकत उंबरवेलला गेले, एका बाईचं पाकीट मागून घेतलं, गळ्यातली टेप काढून माप घेतलं. लांबी, रुंदी, आणि आत कार्ड असताना फुगवटा किती येतो तेसुद्धा. त्या मापाने प्रत बेतली. जाड कागद, मोठी अक्षरं, एकच घडी. सरोदेंनी मोठ्या आदराने ती तशीच छापून घेतली. मास्टर त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले.

“मास्टर,” त्या सांगायला लागतात, “त्याचं असं झालं की…”

टेबल लांबतं. हिरवं कापड सरकून खाली जातं आणि खाली लाकडाची गुळगुळीत फळी निघते, कातरीचे ओरखडे पडलेली. खिडकीबाहेर स्टेशन रोडच्या रिक्षा उभ्या आहेत. शिवणयंत्राशेजारी वैजयंतीबाई उभ्या आहेत, आणि त्यांचा हात उगाचच वर गेलेला आहे, फळ्यावर लिहिताना जातो तसा. मास्टर तो हलकेच खाली करतात.

दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत तार बांधली आहे. तारेला शिवलेली पोलकी टांगली आहेत. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली आहे. इस्त्री झालेली, हुक-बटणांसकट पुरी झालेली पोलकी.

“किती दिवस झाले?” त्या विचारतात.

“आठ महिने.”

“न्यायला कोणी आलं नाही?”

“येतील कशी? तयार झालं हे त्यायले कोनी सांगितलंच नाही.”

वैजयंतीबाई एक चिठ्ठी वाचतात. शेवंता बारेला. दुसरी वाचतात. झिणकी बारेला. तिसरी वाचायची त्यांना हिंमत होत नाही, कारण त्या पोलक्याच्या काठाला लाल दोरा आहे, आणि आता नजर फिरवल्यावर लाल काठ आणखी दोन पोलक्यांना दिसतो.

मास्टर कातर पुसत सांगतात की एकदा लग्नाचं पोलकं न्यायला नवरीचा भाऊ आला नाही. पाऊस होता, पूल पाण्याखाली होता. मग मास्टर सायकल खांद्यावर घेऊन रेल्वेच्या पुलावरून गेले. ही हकीगत वैजयंतीबाईंनी त्यांच्या घरी, तिसऱ्या दिवशी, त्या नवरीच्याच तोंडून ऐकली होती. ती नवरी आता आजी झाली आहे. मास्टरांनी स्वतः जिवंतपणी कधी ती सांगितली नव्हती. आता सांगतात तेही बढाई म्हणून नाही, पूल कसा ओलांडायचा त्याची माहिती द्यावी तसं.

“शिवून ठेवलं म्हणजे दिलं असं होत नाही ताई,” ते म्हणतात. “गिऱ्हाईकाच्या अंगात गेलं की दिलं.”

“पण परवा पथक येतंय. चौदा मुलांचे प्रबंध आहेत. सरोदे पुढच्या हंगामाला देणार आहेत, ते शब्दाचे पक्के आहेत.”

“आहेच पक्का. त्याच्या शर्टाचं बटन मी लावून दिलं होतं बैठकीत.”

“मग सही करू?”

“मले काय विचारू राहिले? मी समितीत नाही आता.” मास्टर खरोखरच गमतीने बोलताहेत. जिवंतपणी त्यांचा असा एकच विनोद असायचा, बैठकीच्या शेवटी, आणि तोही चहा गार झाल्यावर.

पायाखाली चिखल आहे. केळीची पानं दोन्ही बाजूंनी डोक्यावर आली आहेत आणि त्यांच्यामधून ऊन हिरवं होऊन पडतं आहे. कापलेल्या खोडांतून पाणी ठिबकतं आहे. वैजयंतीबाईंच्या हातात दाखला आहे आणि पायांत चपला नाहीत. त्या कुठे काढल्या ते आठवत नाही. मास्टर पुढे चालताहेत, खोकला नाही, धाप नाही, तरण्या माणसासारखे. पुढे पालं आहेत. पालांसमोर बाया ओळीने बसल्या आहेत, समितीच्या बैठकीत बसतात तशा, प्रत्येकीच्या पुढ्यात पाण्याचा पेला.

पहिल्या बाईच्या मांडीवर प्लॅस्टिकचं पाकीट आहे. तिने ते उघडलं आहे. आत रेशनकार्ड आहे, लेकराच्या लशींचं कार्ड आहे, कसलीशी पावती आहे. त्यांच्यामध्ये दोन बोटं घालून तिने एक फट उघडी धरली आहे.

“तुम्ही शेवंता?” वैजयंतीबाई विचारतात.

ती मान डोलावते. “मास्टर माप घेऊन गेले,” ती म्हणते. “म्हणून जागा ठेवली.”

तिच्या शेजारच्या बाईनेही पाकीट उघडलं आहे. तिच्या शेजारचीनेही. ओळीच्या टोकापर्यंत प्रत्येकीने दोन बोटांनी फट धरून ठेवली आहे, आणि कोणी रागावलेलं नाही. वैजयंतीबाईंना वाटतं, कोणी एक शब्द वाईट बोललं असतं तर बरं झालं असतं. त्या हातातला दाखला त्या फटीत घालून बघतात. तो जात नाही. दुमडून बघतात, तरीही जात नाही. तो त्या मापाचा कागदच नाही.

मागे ट्रकचं इंजिन सुरू होतं.

समितीची खोली आहे. टेबलावर हिरवं कापड आहे. मास्टर उभे आहेत, निघायच्या बेतात, आणि वैजयंतीबाईंना एकदम कळतं की आता विचारलं नाही तर परत भेट नाही.

“मास्टर, तुम्ही असता तर हे झालंच नसतं.”

“झालं असतं,” मास्टर म्हणतात. “माप मी घेतलं. कागद पोचला का ते मी तरी कुठं पाहायला गेलो? आजारी होतो म्हना, पन कोनाले सांगून ठेवायला पाहिजे होतं. चूक मव्हीबी आहे.”

समितीतल्या नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य वैजयंतीबाईंनी किती वेळा ऐकलं होतं. एवढ्या मोठ्या खोलीत, एवढ्या पदव्यांच्या गर्दीत, चूक माझीही आहे आणि मला समजलं नाही ही दोन वाक्यं बिनधास्त बोलणारा तो एकटाच होता. त्याच्यामुळे बाकीच्यांनाही ती बोलायची हळूहळू सवय लागली होती. त्यांच्या माघारी आठ महिन्यांत ती सवय गेली, आणि गेली हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. वैजयंतीबाईंच्याही नाही.

“मला चौथी ओळ समजली नाही, मास्टर,” त्या मोठ्याने म्हणतात.

मास्टरांचा चेहरा असा उजळतो की वाटावं, नवरीचं पोलकं पोचवून पूल ओलांडून परत येतानाही तो असाच असेल. ते खिशातला निळा खडू काढतात, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा पुढे करतात.

“मंग मारा रेघ.”

“मी?”

“आता तिथं दुसरं कोन आहे?”

खडू हातात येतो. चपटा, एका बाजूने झिजलेला, अंगाच्या उबेने कोमट. वैजयंतीबाई कागदावर वाकतात. रेघ सरळ येत नाही, मास्टरांची यायची तशी. त्या मान वर करतात ते सांगायला. उंबऱ्याबाहेर ऊन पडलं आहे आणि चपला नाहीत.

फोन वाजतो आहे.

वैजयंतीबाई जाग्या होतात. मनगटावर कपाळाचा वळ आहे. पंखा कुरकुरतो आहे. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. फोनवर सरोदेंचं नाव आहे. त्या फोन उचलायला हात पुढे करतात आणि थांबतात. अंगठा आणि पहिली दोन बोटं निळी झाली आहेत. दाखल्यावर, चौथ्या ओळीखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या खडूची रेघ आहे. जराशी वाकडी.

मास्टरांचं सामान घरी पोचवायला गेलेल्या शिपायाकडे वैजयंतीबाईंनी तो खडू स्वतः बांधून दिला होता. या खोलीत खडू नाही. त्या उठून शोधत नाहीत. शोधण्याइतका वेळही नाही.

फोनवर सरोदे विचारतात, मॅडम, सही झाली का, मी कागद न्यायला येऊ का. त्या नाही म्हणतात. खोकं घेऊन या, म्हणतात, आणि तीन लाल अहवाल वर ठेवा. गाडी मीच काढते. उंबरवेल चाळीस किलोमीटर आहे, उजेडात पोचू. प्रत्येकीला वाचून दाखवायचं आणि तिने काय समजलं ते तिच्या तोंडून ऐकायचं, त्याशिवाय पुढच्या बाईकडे जायचं नाही. आणि तुमच्या त्या मदतनीस मुलीलाही घ्या बरोबर. तिला ओरडायला नाही, तिला बारेलांची बोली येते म्हणून.

सरोदे हळूच विचारतात, “आणि पथकाला काय सांगायचं?”

“जे झालं ते. प्रती आठ महिने खोक्यात राहिल्या, सचिवांनी आठ महिने खोकं उघडलं नाही, आणि मंगळवारी संध्याकाळी त्या पोचवल्या. माझ्या अक्षरात लिहून देते.”

“समिती थांबवली तर?”

“तर थांबेल. मुलांना मी सांगते.” हे म्हणताना आपल्या पाच विद्यार्थ्यांचे चेहरे डोळ्यांपुढून जातात. तरी शब्द मागे घ्यावा असं त्यांना वाटत नाही, याचंच त्यांना नवल वाटतं.

“मॅडम,” सरोदे म्हणतात, आणि त्यांचा आवाज सकाळपेक्षा मोकळा झालेला असतो, “दहा मिनिटांत खाली येतो.”

वैजयंतीबाई दाखला पर्समध्ये घालायला उचलतात. पथकापुढे असा रंगलेला कागद कसा ठेवायचा, म्हणून सवयीने त्यांचा रुमाल रेघेकडे जातो. कापड कागदाला टेकायच्या आत त्या हात मागे घेतात.

ओळ अजून नीट झालेली नाही. त्या कागद घडी न घालता, रेघ वर ठेवून, छातीशी धरतात, आणि दारात क्षणभर थांबून उंबऱ्याबाहेर बघतात. मग त्या जिना उतरायला लागतात.